मदर ३ : इंग्रजी आवृत्तीचं भिजत घोंगडं

२० एप्रिल २००६ रोजी निंटेंडोने जपानमध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी 'मदर ३' हा रोल-प्लेइंग गेम विक्रीला काढला. त्याची अधिकृत इंग्रजी आवृत्ती आजतागायत आलेली नाही. येणार, असं कंपनीने कधी कबूल केलं नाही आणि कधीच येणार नाही, असंही स्पष्ट सांगून टाकलं नाही. ताकास तूर लागू दिली नाही, म्हणा ना.

जपानबाहेर न पडलेल्या जेआरपीजींची, म्हणजे जपानी रोल-प्लेइंग गेमची, यादी मारुतीच्या शेपटासारखी लांबतच जाते. त्यातून हाच गेम उचलायचं कारण आहे. 'हे गेम इंग्रजीत का येत नाहीत' या प्रश्नाला काही ठरलेली उत्तरं मिळतात. विकले जाणार नाहीत, खर्च निघत नाही, मजकूर नाजूक आहे, संगीताच्या हक्कांची भानगड आहे, वगैरे. 'मदर'च्या बाबतीत ही सगळी उत्तरं एकेक करून तपासता येतात, कारण मालिका एक, लेखक एक, कंपनी एक, पण गेम तीन आणि तिघांची नशिबं वेगळी.

आधीचे दोन

मालिकेचे कर्ते शिगेसातो इतोई हे मूळचे जाहिरातींची कॉपी लिहिणारे. गेम बनवणं हा त्यांचा धंदा नव्हता आणि ते गेम खेळताना जाणवतं. १९८९ मध्ये फॅमिकॉम या निंटेंडोच्या यंत्रावर पहिला 'मदर' आला तेव्हा जेआरपीजी म्हणजे तलवारी, किल्ले आणि राजकन्या असा मामला होता. इतोईंनी त्याऐवजी जपानी नजरेतून दिसणारी अमेरिका मांडली. हातात बेसबॉलची बॅट, खायला हॅम्बर्गर. दुसऱ्या गेममध्ये बाप म्हणजे फक्त फोनवरचा आवाज. त्याला फोन लावला की गेम सेव्ह होतो आणि खात्यात किती पैसे भरले ते तो सांगतो. बाप प्रत्यक्ष कधी दिसत नाही. घरोघरच्या वडिलांवर याहून नेमकी टिप्पणी मी कुठल्या गेममध्ये पाहिलेली नाही.

पहिल्या 'मदर'चं इंग्रजी भाषांतर निंटेंडोच्या अमेरिकन शाखेने पूर्ण केलं होतं. रक्त, क्रूस, सिगारेट असलं काही चित्रांतून काढलं, शेवट वाढवला, पात्राला पळता यावं म्हणून बटणही दिलं. पण १९९१ मध्ये सुपर निंटेंडो अमेरिकेत दाखल झाला आणि जुन्या यंत्रासाठी नवा, अनोळखी गेम काढायला कुणी तयार होईना. तयार भाषांतर कपाटात गेलं. १९९८ मध्ये त्याचं एक नमुना कार्ट्रिज कुणाच्या तरी हाती लागलं, हॅकर मंडळींनी त्यातला डेटा काढून इंटरनेटवर सोडला. अनेकांना ते बनावट वाटलं. मग २००३ मध्ये जपानमध्ये पहिले दोन्ही गेम एकत्र असलेला 'मदर १+२' निघाला आणि त्यात तोच वाढवलेला शेवट, तेच पळण्याचं बटण दिसलं. अमेरिकेत न निघालेल्या आवृत्तीतल्या सुधारणा निंटेंडोने मायदेशी वापरून घेतल्या होत्या. कार्ट्रिज अस्सल असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

दुसरा गेम, 'मदर २', रखडत रखडत १९९४ मध्ये आला. त्याच्या वेळची एक गोष्ट जपानी गेमजगतात अजून सांगितली जाते. काम पार अडकलं असताना प्रोग्रामर सातोरू इवाता, जे पुढे निंटेंडोचे अध्यक्ष झाले, मदतीला आले आणि म्हणाले, आहे तेच दुरुस्त करायचं तर दोन वर्षं लागतील, पहिल्यापासून लिहायचं तर सहा महिने. लिहिलं पहिल्यापासून. हाच गेम जून १९९५ मध्ये 'अर्थबाउंड' नावाने अमेरिकेत गेला. निंटेंडोने हात आखडता घेतला नव्हता. भलामोठा खोका, आत पूर्ण मार्गदर्शक पुस्तक, आणि जाहिरात अशी की 'हा गेम घाण मारतो' म्हणत मासिकांमधून खरवडून हुंगायचे वास वाटले. विनोद अमेरिकन पोरांच्या पचनी पडला नाही. साधारण १ लाख ४० हजार प्रती खपल्या. युरोपात तर गेम गेलाच नाही.

या १ लाख ४० हजारांना पुढच्या सगळ्या प्रकरणात फार महत्त्व आहे. चाहत्यांच्या दृष्टीने ते कट्टर प्रेम करणारे लोक होते, कंपनीच्या हिशेबात तो तोट्यात गेलेला प्रयोग होता.

बारा वर्षांचा उशीर

'मदर ३'चं काम १९९४ मध्येच सुपर फॅमिकॉमसाठी, म्हणजे जपानमधल्या सुपर निंटेंडोसाठी, सुरू झालं. मग ते निंटेंडो ६४ आणि त्याच्या ६४डीडी या जोडयंत्राकडे वळलं. १९९९ च्या स्पेसवर्ल्ड प्रदर्शनात 'अर्थबाउंड ६४' म्हणून दाखवलंसुद्धा गेलं, म्हणजे त्या क्षणी इंग्रजी आवृत्तीचा विचार कंपनीच्या डोक्यात नक्की होता. ऑगस्ट २००० मध्ये गेम रद्द झाला. इतोई, इवाता आणि 'मारिओ'चे जनक शिगेरू मियामोतो यांनी तो का सोडून द्यावा लागला याची मोकळी चर्चा इतोईंच्या वेबसाइटवर छापली. अपयशाबद्दल इतकं उघड बोलणारी कंपनी पुढे साध्या 'हो की नाही'ला अठरा-वीस वर्षं उत्तर देत नाही, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात विचित्र वाटतं.

२००३ मध्ये 'मदर १+२'च्या टीव्ही जाहिरातीतच सांगितलं गेलं की 'मदर ३' गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर येतोय. ब्राउनी ब्राउन आणि हॅल लॅबोरेटरीने तो केला, संगीत शोगो साकाई यांचं. तो आला तेव्हा निंटेंडो डीएस बाजारात येऊन दीड वर्ष झालं होतं आणि जपानात नव्या डीएस लाइटसाठी रांगा लागत होत्या. वरातीमागून घोडं. तरी जपानात पहिल्याच आठवड्यात सुमारे २ लाख प्रती गेल्या. अमेरिकेत मात्र मरणपंथाला लागलेलं यंत्र, आधीच्या गेमचा तोटा, आणि पूर्ण नव्याने करायचं भाषांतर असा हिशेब मांडला गेला असणार.

आता यंत्राची एक गोष्ट समजून घ्यायला हवी, त्याशिवाय रागाची धग कळणार नाही. सुपर निंटेंडोच्या काळात जपानी कार्ट्रिज अमेरिकन यंत्रात बसतच नसे. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला असं कुलूप नव्हतं. जपानी कार्ट्रिज अमेरिकेत, युरोपात, आपल्याकडे, कुठल्याही यंत्रात चालायचं. डीएस लाइटमध्येसुद्धा त्याच्यासाठी खाच होती. म्हणजे चाहत्याने जपानहून 'मदर ३' मागवला, खाचेत घातला, संगीत सुरू झालं, लुकास आणि क्लाउस ही जुळी भावंडं पडद्यावर आली आणि तिथून पुढे नुसती काना, म्हणजे जपानी अक्षरांची, लिपी. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच.

'नाही कळली भाषा तर बटणं दाबून खेळायचं' हे मारामारीच्या गेमला चालतं. 'मदर ३'मधली लढाईसुद्धा काही अंशी तशी चालते. पार्श्वसंगीताच्या ठेक्यावर बटण दाबत गेलं की एकामागून एक सोळापर्यंत फटके बसतात, त्याला जपानी यावं लागत नाही. पण गेमचा जीव तिथे नाही. पहिल्या प्रकरणात ताझ्मिली गावातला फ्लिंट बायकोमुलांना शोधत जंगलात फिरतोय. रात्र झालेली, मुलं नदीतून बाहेर काढून शेकोटीपाशी बसवलेली. एक गावकरी येतो आणि म्हणतो, एक बातमी चांगली आहे, एक वाईट. चांगली अशी की ड्रॅगो या प्राण्याचा दात सापडलाय, शस्त्र म्हणून उत्तम होईल. वाईट अशी की तो सापडला कुठे. तुझ्या बायकोच्या काळजात रुतलेला होता.

फ्लिंट शेकोटीतलं जळतं लाकूड उचलतो आणि दिसेल त्याच्यावर फिरवत सुटतो. शेवटी एक जण मागून फटका मारून त्याला आडवा करतो. चित्रं बोटाच्या पेराएवढी, चेहऱ्यावर भाव दाखवायला जागाच नाही. सगळा आघात त्या बोलण्याच्या क्रमात आहे. आधी चांगली बातमी, मग वाईट, आणि दोन्हींत तोच दात. वाचता न येणाऱ्याला इथे काय दिसतं? पाचसहा बाहुल्या उभ्या आहेत आणि एकाचं अचानक डोकं फिरलंय. पुढे पैसा म्हणजे काय हे माहीत नसलेल्या या गावात हॅपी बॉक्स नावाचे खोके घरोघर येतात, रेल्वे येते, आणि गावकऱ्यांचं बोलणं कसं हळूहळू बदलतं तेही संवाद वाचल्याशिवाय कळत नाही. हा गेम वाचायचा आहे. तो भाषेअभावी अडला तर पूर्ण अडतो.

चाहत्यांनी काय काय केलं

अर्थबाउंडच्या अमेरिकन चाहत्यांचा अड्डा होता स्टारमेन डॉट नेट. हजारो सह्यांचे अर्ज, फोनाफोनी, पत्रं हे सगळं तिथून झालं. २००७ मध्ये त्यांनी 'अर्थबाउंड अँथॉलॉजी' नावाचं जवळपास २७० पानांचं रंगीत पुस्तक तयार केलं. चाहत्यांनी काढलेली चित्रं, हस्तकला, सगळं त्यात, आणि ते कंपनीला व पत्रकारांना पाठवलं. सह्यांचा गठ्ठा कुणी वाचत नाही, पण पुस्तक टेबलावर राहतं, हा विचार चांगला होता. उत्तर आलं नाही.

तोपर्यंत दुसरी आघाडी उघडली होती. नोव्हेंबर २००६ मध्ये, जपानी गेम येऊन सात महिने झाल्यावर, चाहत्यांनी स्वतःच भाषांतर करायचं जाहीर केलं. नेतृत्व क्लाइड मॅन्डेलिन यांचं. हे नाव महत्त्वाचं, कारण हा माणूस हौशी नव्हता. ड्रॅगन बॉल, वन पीस अशा अ‍ॅनिमेंची भाषांतरं करणारा व्यावसायिक अनुवादक होता. गटात डझनभर लोक. निंटेंडोने अधिकृत आवृत्ती जाहीर केली तर आम्ही त्या दिवशी थांबू, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, जपानी येणारा माणूस बसवला की काम झालं. घोडं अडतं ते प्रोग्रामिंगपाशी. जपानी अक्षर सारख्याच मापाच्या चौकटीत बसतं. इंग्रजीतला आय बारीक, डब्ल्यू रुंद. तीच चौकट ठेवली तर ओळ विरळ दिसते आणि चार शब्दांत खिडकी भरते. म्हणून प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी मोजणारा कोड गेमच्या आत घालावा लागतो, आणि तोही मूळ सोर्स हातात नसताना. जपानीत उपपदं नाहीत, अनेकवचनाचा जाच नाही. लढाईतलं एकच वाक्य पन्नास शत्रूंना लागू होतं. इंग्रजीत 'अ', 'अ‍ॅन', 'द' कुठे लावायचं आणि नावं कुठे मोठ्या अक्षराने सुरू करायची याची यंत्रणा उभारावी लागते. मेनू, वस्तूंची नावं, चित्रांत कोरलेला मजकूर, श्रेयनामावली... सगळीकडे हेच.

१७ ऑक्टोबर २००८ रोजी हे भाषांतर पॅचच्या रूपात बाहेर पडलं. पहिल्या आठवड्यात लाखाहून जास्त डाउनलोड झाले. म्हणजे १९९५ मध्ये 'अर्थबाउंड'च्या जेवढ्या प्रती खपल्या, जवळपास तेवढ्या लोकांनी हे भाषांतर आठवड्यात उचललं. अर्थात फुकटची मागणी आणि पैसे मोजून केलेली मागणी यांत फरक असतो, हे कंपनीच्या बाजूने कबूल करायला हवं. पॅचमध्ये गेम नसतो, फक्त बदल असतात. ते बदल आपल्याकडच्या मूळ प्रतीवर चढवायचे असतात. कागदावर हे स्वच्छ आहे. प्रत्यक्षात बहुतेकांनी मूळ गेमही इंटरनेटवरूनच घेतला, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. निंटेंडोने मात्र या पॅचवर कारवाई केली नाही. चाहत्यांच्या कामांवर चटकन वकिली नोटीस धाडणाऱ्या कंपनीने इथे डोळे मिटून घेतले.

आपल्याकडे हा गेम पोचला तो याच पॅचमधून. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स हे यंत्र महाराष्ट्रात फारशा घरांत नव्हतं. पण पोकेमॉनच्या ओढीने एम्युलेटर, म्हणजे यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, आधी घरच्या कॉम्प्युटरवर आणि मग मोबाइलवर आला, आणि त्याच्या मागोमाग हेही आलं. अमेरिकन चाहत्याला राग आला तो आपल्या भाषेत नाही म्हणून. आपल्याला मराठीत येईल अशी आशा कधी नव्हतीच. आपण इंग्रजीच्या रांगेत दुसऱ्याच्या मागे उभे. पुढच्याला मिळालं नाही की आपल्यालाही नाही. युरोपातल्या लोकांनी त्यावर तोड काढली. मॅन्डेलिन यांच्या गटाने आपली साधनं खुली केली आणि त्यांवरून स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन भाषांतरं उभी राहिली. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकून नोकऱ्यांना लागलेली इतकी माणसं असताना मराठीत असं काही करावंसं कुणाला वाटलं नाही, ही खंत मी इथेच नोंदवून पुढे जातो.

कारणं तपासून पाहू

यंत्र संपलं होतं, हे पहिलं कारण. अर्धंच खरं. 'फायनल फँटसी ५ अ‍ॅडव्हान्स' नोव्हेंबर २००६ मध्ये आणि 'फायनल फँटसी ६ अ‍ॅडव्हान्स' फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेत याच यंत्रावर आले, आणि प्रकाशक खुद्द निंटेंडोच. दोन्ही मजकुराने भरलेले जेआरपीजी. म्हणजे यंत्र नामवंतांसाठी जिवंत होतं, अनोळखी नावांसाठी मेलेलं होतं. २००६ मध्येच निंटेंडोचा 'रिदम तेंगोकू' हा मजेदार गेमही असाच जपानात राहिला, आणि त्यात तर वाचायचं फारसं नव्हतं.

मजकूर नाजूक आहे, हे दुसरं. मॅजिप्सी नावाची दाढीवाली, लिपस्टिक लावणारी पात्रं, विचित्र मशरूम खाऊन भ्रम होण्याचा प्रसंग, आईचा मृत्यू, त्याहून गडद शेवट. यावर बरीच वर्षं खल झाला. निंटेंडो ऑफ अमेरिकाचे माजी प्रमुख रेजी फिस-एमे यांनी पद सोडल्यावर सांगितलं की कारण मजकूर नव्हतं, धंद्याचं गणित होतं. मला ते पटतं. पहिल्या 'मदर'मधलं रक्त आणि क्रूस याच कंपनीने निमूट काढले होते, नाजूकपणाचा इलाज तिला माहीत होता.

संगीताचे हक्क ही 'अर्थबाउंड'बद्दलची आवडती अफवा. जुन्या रॉक गाण्यांच्या छटा असल्यामुळे तो पुन्हा काढता येत नाही, असं लोक छातीठोक सांगायचे. २०१३ मध्ये तो वी यू या निंटेंडोच्या यंत्रावर सरळ विक्रीला आला आणि अफवा निकालात निघाली.

राहिला खर्च. इथे दुसऱ्या एका प्रकरणाशी तुलना करायला हवी. २०११ मध्ये 'ऑपरेशन रेनफॉल' नावाची चाहत्यांची मोहीम सुरू झाली. 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स', 'द लास्ट स्टोरी' आणि 'पँडोराज टॉवर' हे वी यंत्रावरचे तीन जपानी गेम अमेरिकेत यावेत ही मागणी. तिन्ही आले. 'झेनोब्लेड' एप्रिल २०१२ मध्ये निंटेंडोने स्वतः काढला, बाकीचे दोन २०१२ आणि २०१३ मध्ये एक्ससीड या प्रकाशकाने. चाहत्यांच्या ताकदीचा हा विजय म्हणून अजून दाखला दिला जातो. पण त्या विजयात एक गोष्ट आयती होती: इंग्रजी मजकूर. युरोपच्या शाखेने तिन्ही गेम इंग्रजीत करून, ब्रिटिश आवाज भरून ठेवले होते. अमेरिकेला फक्त छापायचं आणि विकायचं होतं.

आता 'मदर'कडे परत पाहा. 'अर्थबाउंड' २०१३ मध्ये पुन्हा आला, मजकूर १९९५ पासून तयार होता. पहिला 'मदर' जून २०१५ मध्ये 'अर्थबाउंड बिगिनिंग्ज' नावाने वी यूवर आला. पंचविसाव्या वर्षी कपाट उघडून तेच जुनं भाषांतर बाहेर काढलं. 'मदर ३'च्या बाबतीत कपाटच रिकामं. चाहत्यांच्या आरड्याओरड्याने कंपनी तयार माल बाजारात आणते, नवा माल करायला बसत नाही. माझ्या मते या प्रकरणाचं मर्म एवढंच आहे, आणि सह्यांचे अर्ज लिहिणाऱ्यांनी ते फार उशिरा ओळखलं.

एप्रिल २०१३ मध्ये मॅन्डेलिन यांनी ते ओळखून पाऊल उचललं. माझं भाषांतर निंटेंडोने फुकट वापरावं, हवं तर मी नव्याने करून देतो, असा प्रस्ताव त्यांनी जाहीर मांडला. कंपनीने तो घेतला नाही. यात मला तरी अहंकार दिसत नाही. बाहेरून आलेल्या मजकुराची मालकी कुणाची, त्यात भर कुणी घातली, उद्या दुसऱ्या गटाने हेच मागितलं तर काय, हे प्रश्न कुठल्याही कायदा विभागाला घाम फोडतील. तयार माल हवा, पण तो घरचा हवा.

चीड खरी वाढली ती नकारामुळे नव्हे, मधूनमधून गुदगुल्या केल्यामुळे. २००८ च्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल' या निंटेंडोच्या मारामारीच्या गेममध्ये लुकास घेतला, 'न्यू पोर्क सिटी' हे त्याच्या गेममधलं ठिकाण घेतलं, आणि ज्या देशांत त्याचा गेम विकला नाही तिथे तो पोरांनी हौसेने खेळायला घेतला. २०१४ च्या ई३ या गेमप्रदर्शनाच्या कार्यक्रमात तर कहर झाला. बाहुल्यांच्या एका प्रहसनात एक चाहता 'मदर ३' मागतो आणि रेजींची बाहुली त्याला आगीच्या गोळ्याने जाळून टाकते. लोक हसले, मीही हसलो. पण मागणी कानावर आलीच नाही, असं म्हणायची सोय त्या दिवसापासून कंपनीला उरली नाही.

मग बाकीचे कसे आले?

यावर कुणी म्हणेल, नवा मजकूर करायला बसत नाहीत हे खोटं आहे. 'सेइकेन देन्सेत्सू ३' १९९५ चा, चाहत्यांचं भाषांतर २००० मध्ये, अधिकृत इंग्रजी २०१९ मध्ये आलं. 'लाइव्ह अ लाइव्ह' १९९४ चा, इंग्रजीत २०२२ मध्ये. आणि सगळ्यात टोचणारं उदाहरण निंटेंडोचं स्वतःचं: १९९० चा फॅमिकॉमवरचा पहिला 'फायर एम्ब्लेम' तीस वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, नव्याने भाषांतर करून निंटेंडोच्या स्विच यंत्रावर काढला, आणि मार्च २०२१ अखेर विक्रीतून काढूनही घेतला.

पण या तिघांच्या पाठीमागे काय होतं ते बघा. 'सेइकेन ३'च्या पाठोपाठ त्याचा नवा रीमेक यायचा होता. 'लाइव्ह अ लाइव्ह' तर रीमेक म्हणूनच आला. 'फायर एम्ब्लेम' ही आता जगभर खपणारी चालू मालिका, तिच्या तिसाव्या वाढदिवसाला जुना गेम म्हणजे ओवाळणी. जुन्या गेमचं भाषांतर नव्या मालाच्या खर्चात बसून जातं. 'मदर'चं तसं नाही. इतोईंनी चौथा 'मदर' करणार नाही असं वारंवार सांगितलंय. लेखकाने गोष्ट संपवली हे कौतुकाचंच, पण त्यामुळे 'मदर ३'च्या पाठीवर विकायला पुढचं काहीच नाही. या मालिकेचा वारसा चालवला तो बाहेरच्यांनी. स्टारमेनवाल्यांपैकी काहींनी फॅनगेमर ही कंपनी काढली, त्याच अड्ड्यावर वावरलेल्या टोबी फॉक्सने २०१५ मध्ये 'अंडरटेल' काढला आणि तो कुठल्या कुठे गेला. त्या यशाचा पैसा निंटेंडोच्या 'मदर' खात्यात जमा होत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये 'मदर ३' जपानी वी यूवर आला, फेब्रुवारी २०२४ मध्ये जपानच्या स्विच ऑनलाइन सदस्यत्वात. या दुसऱ्या वेळेस जुनी सबब खरं तर संपली होती. सदस्यत्वात कार्ट्रिज छापायचं नसतं, दुकानात खोके पडून राहत नाहीत, तोट्याचा धोका भाषांतर आणि चाचणीच्या खर्चापुरता. पण त्यातच नवा अडसर आहे. वर्गणी सगळ्या गेमची मिळून एक, त्यामुळे अमुक गेममुळे इतके पैसे आले असं कंपनीतल्या कुणालाच दाखवता येत नाही. १९९५ मध्ये निदान १ लाख ४० हजार हा आकडा भांडायला तरी होता. आता भांडायला आकडाच नाही. अशा ठिकाणी भाषांतराचा प्रस्ताव मांडणारा अधिकारी कशाच्या जोरावर मांडणार?

त्यामुळे नवा अर्ज कुणी पुढे केला तर मी सही करणार नाही. ज्याला खेळायचंय त्याने मॅन्डेलिन यांच्या गटाचा पॅच घ्यावा. भाषांतर कसलेल्या हाताचं आहे, अधिकृत झालं असतं तर याहून फार वेगळं झालं असतं असं वाटत नाही. मन खात असेल तर जपानी कार्ट्रिज मागवावं, जुन्या बाजारात ते मिळतं, फक्त बनावट प्रतींचा सुळसुळाट आहे, विकणाऱ्याकडून आतल्या बोर्डाचा फोटो मागून घ्या. आणि स्विच असेल तर जपानी खातं उघडून मूळ गेम चालतो. काना शिकायला पंधरवडा पुरतो, व्याकरणाला मात्र वेळ द्यावा लागेल.